अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचं नर्सिंग: अर्ज भरण्याआधी निवडीचा फॉर्म्युला वाचा



एरवी मी इथे ॲप, सेटिंग्ज आणि बॅटरीबद्दल लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण त्यात शीट आहे, फॉर्म्युला आहे, पोर्टल आहे आणि चुकलेलं नोटिफिकेशनसुद्धा आहे.

माझी मोठी बहीण कॅलिफोर्नियात राहते. आम्ही मूळचे मिरजेचे, म्हणजे हॉस्पिटलांच्या गावचे. ताईने एम.कॉम. केलं, सांगलीत बँकेत नोकरी केली, लग्नानंतर तिकडे गेली. मुलगा शाळेत जायला लागल्यावर तिने ठरवलं की आता नर्सिंग करायचं. तिचा फॉर्म, स्कॅन आणि गुणांचा हिशोब मी पुण्यातून सांभाळत होतो. पहिल्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून तिचं एक वर्ष घालवलं. अभ्यास तिने जीव तोडून केला होता. निवड कशी होते ते मात्र आम्ही नीट वाचलंच नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाची बहीण, वहिनी, मैत्रीण तिकडे असेल आणि असा विचार करत असेल, तर हा लेख तिच्यासाठी.

आधी हा कोर्स काय आहे ते बघू

कम्युनिटी कॉलेज म्हणजे तिकडची दोन वर्षांची सरकारी कॉलेजं. तिथे नर्सिंगची असोसिएट डिग्री मिळते, तिला एडीएन म्हणतात. ती झाली की एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा द्यायची आणि रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स घ्यायचं. चार वर्षांची बीएसएन केलेली मुलगीही हीच परीक्षा देते आणि लायसन्सही हेच असतं. फरक इतकाच की काही हॉस्पिटलं नोकरी देताना बीएसएनला पसंती देतात, म्हणून बरेच जण एडीएन करून पुढे बीएसएन पूर्ण करतात.

फी हे मोठं कारण. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर पडतात. ताईकडे ग्रीन कार्ड असल्यामुळे तिला हाच दर लागला. एच-४ व्हिसावर शिकायला परवानगी आहे, पण नोकरीसाठी वर्क परमिट वेगळं लागतं. त्यामुळे शिकून झाल्यावर काम करता येईल का, हे आधीच तपासा.

स्वस्त आणि चांगलं म्हटल्यावर गर्दी होणारच. प्रत्यक्ष हॉस्पिटलात शिकवण्यासाठी जागा आणि शिक्षक मोजकेच असतात, त्यामुळे कॉलेजला मनात आलं म्हणून तुकड्या वाढवता येत नाहीत.

कॉलेजला प्रवेश मिळाला म्हणजे नर्सिंगला मिळाला असं नाही

आपल्याकडच्या माणसाचा पहिला गोंधळ इथे होतो. कॅलिफोर्नियात सीसीसीअप्लाय नावाच्या पोर्टलवर फॉर्म भरला की कम्युनिटी कॉलेजात प्रवेश मिळतो. त्याला मेरिट वगैरे काही नाही. ताईला तो मेल आला तेव्हा आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. मग मला समजावून सांगावं लागलं की आई, अजून नर्सिंगचा फॉर्म निघालेलाही नाही.

नर्सिंगचा अर्ज वेगळा असतो. त्याआधी काही विषय पूर्ण करावे लागतात: ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी आणि इंग्रजी हे बहुतेक ठिकाणी, काही ठिकाणी स्टॅटिस्टिक्ससुद्धा. विज्ञानाचे तिन्ही विषय लॅबसकट. त्यानंतर टीज नावाची परीक्षा. तिच्यात वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी असे चार भाग, १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत साधारण ६२ टक्के ही किमान पातळी धरतात.

एवढं सगळं झालं की तुम्ही अर्ज करायला पात्र होता. इथून पुढे खरी निवड सुरू होते.

निवडीचे तीन प्रकार

सीईटी आणि कॅप राउंडची सवय असल्यामुळे मी धरून चाललो होतो की एकच यादी लागणार आणि जास्त मार्कवाला वर असणार. तिकडे प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा असू शकतो. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर तीन फंक्शन्स आहेत.

१. सॉर्ट: सगळ्यांना गुण द्यायचे, उतरत्या क्रमाने लावायचं, वरचे घ्यायचे. इथे एकेका गुणाला किंमत आहे.

२. फिल्टर आणि मग लॉटरी: ठरावीक पातळी पार केलेल्या सगळ्यांची नावं एका डब्यात आणि त्यातून चिठ्ठ्या. पातळी एकदा ओलांडली की काठावरचा आणि टॉपर दोघांची संधी सारखीच. अशा कॉलेजसाठी टीजचे मार्क वाढवायला पुन्हा पैसे आणि तीन महिने घालवण्यात काही अर्थ नाही. आणि नाव आलं नाही तर रडण्यातही नाही, कारण चिठ्ठीला तुमची हुशारी दिसत नाही.

३. रांग: पात्र झालात की यादीत नंबर लागतो आणि तो येईपर्यंत थांबायचं. इथे लवकर पात्र होणं महत्त्वाचं.

काही कॉलेजं यांचं मिश्रण करतात. कोणता प्रकार आहे हे नर्सिंग विभागाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. आम्ही ते पीडीएफ डाउनलोड केलं होतं, पण शेवटची तारीख बघून बंद केलं. नवीन लायब्ररी वापरताना आम्ही ऑफिसात आधी डॉक्युमेंटेशन वाचतो आणि बहिणीच्या आयुष्याच्या वेळी मी वाचलं नाही, हे मला आजही लागतं.

आमची चूक कुठे झाली

ताईचं कॉलेज पहिल्या प्रकारातलं होतं. त्याचा तक्ता असा: आधीच्या विषयांच्या ग्रेडना ५० गुण, टीजला ३०, कामाच्या किंवा सेवेच्या अनुभवाला ८, आधीच्या पदवीला ५, आयुष्यातल्या विशेष परिस्थितीला ५ आणि इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेला २. हे आकडे त्या एका कॉलेजचे आहेत, दुसरीकडे वेगळे असतील.

त्या वर्षी शेवटची जागा ८१ गुणांवर भरली. ताईचे ७९ होते.

दोन गुणांनी गेलं म्हणून मी रात्री तक्ता पुन्हा उघडला आणि पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचला. भाषेची जागा आम्ही रिकामी सोडली होती. विशेष परिस्थितीची जागाही रिकामी सोडली होती. म्हणजे सात गुणांकडे आम्ही बघितलंसुद्धा नव्हतं.

हे निकष कॉलेजने मनाने काढलेले नाहीत. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यात ७८२६१.५ हे कलम आहे. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर कम्युनिटी कॉलेजांना अनेक निकष लावून नर्सिंगची निवड करता येते, असं ते सांगतं. त्यात पदवी, ग्रेड, काम किंवा स्वयंसेवा, कठीण कौटुंबिक परिस्थिती, घरात कॉलेजला जाणारी पहिलीच व्यक्ती असणं, कमी उत्पन्न अशा गोष्टी येतात. भाषांच्या उदाहरणांत अरबी, स्पॅनिश, टागालोग यांच्याबरोबर भारतीय उपखंडातल्या भाषाही आहेत. पेशंटशी त्याच्या भाषेत बोलणारी नर्स हवी, हा त्यामागचा विचार. आपली मराठी तिथे कामाला येऊ शकते हे आम्हाला माहीतच नव्हतं. कोणती भाषा धरतात आणि पुरावा काय मागतात, ते मात्र कॉलेजला विचारा.

पुरावा म्हणून ताईने शाळा सोडल्याचा दाखला दिला. त्यावर मातृभाषेचा रकाना असतो, आठवतंय का? त्याचं प्रमाणित भाषांतर आणि मराठी विषय असलेली दहावीची गुणपत्रिका, एवढ्यावर तिच्या कॉलेजचं समाधान झालं.

'डब्ल्यू' आणि बाबा

दुसरी रिकामी जागा जास्त अवघड होती.

ताई पहिल्यांदा फिजिऑलॉजी करत असताना मध्येच बाबा गेले. ती मुलाला घेऊन मिरजेला आली आणि महिनाभर राहिली. तो विषय अर्धा सुटला आणि तिच्या ट्रान्स्क्रिप्टवर त्यासमोर 'डब्ल्यू' आला. डब्ल्यू म्हणजे विषय सोडला. त्याने जीपीए कमी होत नाही. पण काही कॉलेजं तो एक प्रयत्न म्हणून मोजतात आणि प्रयत्नांवर मर्यादा असते. ताईच्या कॉलेजात दोनच प्रयत्न होते. पुढच्या सत्रात तिने तोच विषय 'ए' ग्रेडने काढला, पण तेव्हा दुसरी चूक करायची सोय तिच्याकडे उरली नव्हती.

दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, "ताई, विशेष परिस्थितीत हे लिहायला हवं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा गेले हे मी पाच मार्कांसाठी लिहू का रे?"

माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. दोन दिवसांनी मी तिला फोन केला. म्हटलं, तुझा अर्ज वाचणाऱ्या माणसाला त्या कागदावर फक्त एक अक्षर दिसतं. तू काही लिहिलं नाहीस तर त्याचा अर्थ तो त्याच्या मनाने लावणार. तू दया मागत नाहीयेस, नोंद पूर्ण करतेयस.

तिने चार ओळी लिहिल्या. सोबत विमानाचं तिकीट आणि बाबांच्या मृत्यूचा दाखला जोडला. आपल्याकडे दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत असतो, त्यामुळे भाषांतर लागलं नाही. स्कॅन मीच केला. त्या फाइलला नाव काय द्यावं हे मला बराच वेळ सुचत नव्हतं.

फोनवर करता येण्यासारखी तयारी

आता कामाचं. दुसऱ्या वर्षी आम्ही हे केलं:

- एक शीट: प्रत्येक कॉलेजला एक ओळ. रकाने असे: निवडीचा प्रकार, किमान पातळी, प्रयत्नांची मर्यादा, गुणांचा तक्ता, शेवटची तारीख. 'आपल्याकडे पुरावा आहे का' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा.
- विषयांची मुदत: काही कॉलेजांना विज्ञानाचे विषय ठरावीक वर्षांच्या आत केलेले हवे असतात. विषय पूर्ण झाल्याची तारीख टाका आणि पुढच्या रकान्यात मुदतीची वर्षं मिळवा. मुदत संपत आली की रकाना लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा.
- भारतातली पदवी: मूल्यमापन करणाऱ्या संस्थेचा अहवाल लागतो आणि त्यासाठी विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट. याला महिने लागू शकतात, म्हणून सगळ्यात आधी हेच सुरू करा. कॉलेज कोणत्या संस्थांचे अहवाल मान्य करतं ते पैसे भरण्याआधी बघा.
- वेळ: कॅलिफोर्नियाची उन्हाळी वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, हिवाळ्यात साडेतेरा. इथून मदत करत असाल तर फोनच्या घड्याळात ते शहर जोडून ठेवा.
- लसींची नोंद: प्रवेशानंतर हॉस्पिटलात पाठवण्याआधी लसींचे पुरावे मागतात. लहानपणीचं कार्ड सापडलं नाही तर घाबरू नका. टायटर नावाच्या रक्तचाचणीने गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस-बी यांची प्रतिकारशक्ती दाखवता येते.

शॉर्टकट विकणाऱ्यांपासून लांब राहा

"परीक्षा नको, क्लास नको, थेट नर्सिंगची डिग्री" असं व्हॉट्सॲपवर कुणी सांगितलं तर नंबर ब्लॉक करा. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी ऑपरेशन नाइटिंगेल नावाची कारवाई जाहीर केली. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग संस्थांच्या नावावर ७,६०० हून जास्त बनावट डिप्लोमा विकले गेल्याचं त्यात समोर आलं. राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या साइटवर मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी असते. कॅलिफोर्नियाचं बोर्ड तर प्रत्येक कॉलेजचा एनक्लेक्सचा निकालही टाकतं. दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटी काय झालं

दुसऱ्या वर्षी ताईचे ८६ गुण झाले. आधीचे ७९ आणि ते सात. नवीन एकही परीक्षा तिने दिली नव्हती.

निवडीचा मेल मात्र कॉलेजने दिलेल्या ईमेलवर आला, आणि त्याचं नोटिफिकेशन तिच्या फोनवर बंद होतं. सात दिवसांत होकार कळवायचा होता. पाचव्या दिवशी दाजींनी सहज विचारलं, "ते कॉलेजचं इनबॉक्स बघितलंस का?" म्हणून हे शेवटचं लिहून ठेवा: कॉलेजचा ईमेल फोनमध्ये जोडा, नोटिफिकेशन चालू ठेवा आणि स्पॅमसुद्धा रोज बघा.

ताई आता पहिल्या सत्रात आहे. परवा व्हिडिओ कॉलवर आईचं ब्लडप्रेशर कसं मोजायचं ते मला शिकवत होती. पट्टा मी उलटा बांधला होता. ती म्हणाली, "आधी डब्यातला कागद वाच की!"

ज्यांना उपयोग होईल त्यांना हा लेख नक्की पाठवा.