डेस्कटॉप दिसतो कसा यापेक्षा हाताला बसतो कसा?

दादाचा किंवा ताईचा जुना लॅपटॉप तुमच्या वाट्याला आलाय? त्यावर विंडोज १० असेल, तर मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलाय. मशीन ठणठणीत आहे, पण विंडोज ११ त्याला स्वीकारत नाही. मग ग्रुपमधलं कुणीतरी सांगतंच, 'अरे, लिनक्स टाक ना!' तुम्ही शोधायला बसता आणि एकाच लिनक्सचे दहा चेहरे समोर येतात. कुणाचा बार वर, कुणाचा खाली, कुणाला बारच नाही! बहुतेक जण भारी दिसणारा स्क्रीनशॉट बघून ठरवतात आणि तिथेच गंडतं. स्क्रीनशॉट एकदाच बघायचा असतो, माउस मात्र दिवसभर हलवायचा असतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. विंडोजमध्ये सिस्टीम आणि तिचा चेहरा एकत्रच येतात. लिनक्समध्ये हा चेहरा वेगळा निवडता येतो. खिडक्या, मेनू, पॅनल, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज अशा सगळ्या संचाला डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. आत लिनक्स तेच, वर डेस्कटॉप तुमच्या पसंतीचा.

यातला केडीई हा डेस्कटॉप सुरू केला तो एका विद्यार्थ्याने. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात शिकणाऱ्या मथियास एट्रिखने १४ ऑक्टोबर १९९६ ला त्याची घोषणा केली. त्याची तक्रार साधी होती : प्रत्येक प्रोग्राम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, मग साध्या माणसाने तो वापरायचा कसा? पुढच्याच वर्षी मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं. दोघांचे स्वभाव आज अगदी वेगळे आहेत.

ग्नोम : समोर एकच काम

२०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि खालचा टास्कबार गेला. मिनिमाइजचं बटणही गेलं. जे काम चालू आहे तेवढंच समोर, बाकीचं नजरेआड, हा त्यामागचा विचार. विंडोजचं चिन्ह असलेली की दाबली की उघड्या खिडक्या आणि सर्च समोर येतात. २०२१ च्या ग्नोम ४० पासून टचपॅडवर तीन बोटं फिरवूनही हे होतं. लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करणाऱ्यांना हे मस्त जमतं. पण या बदलावर अनेक जण इतके वैतागले, की त्यांनी जुनं ग्नोम 'माटे' या नावाने पुढे चालू ठेवलं. हाताची सवय मोडणं सोपं नसतं.

केडीई प्लाझ्मा : सगळं तुमच्या हातात

इथे पॅनल खाली असतं, उघडी खिडकी तिथे दिसते, एका क्लिकमध्ये समोर येते. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो : लक्ष्य जितकं लांब आणि लहान, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त. स्क्रीनच्या कडेला आणि कोपऱ्यात पॉइंटर आपोआप अडतो, म्हणून तिथलं बटण नेम न धरताही सापडतं. माउस वापरणाऱ्यांना म्हणूनच हे पॅनल सोयीचं. फाइल एका क्लिकने उघडायची की दोन, हेही तुम्ही ठरवायचं. मनगट दुखत असेल तर हा छोटा पर्याय मोठा वाटेल. धोका एकच : पर्याय इतके, की सबमिशनच्या आदल्या रात्री तुम्ही पॅनलचे रंग बदलत बसाल.

सिनॅमन आणि एक्सएफसीई : ओळखीचं आणि हलकं

लिनक्स मिंटसोबत येणारं सिनॅमन विंडोजसारखंच, मेनू खाली डाव्या कोपऱ्यात. रॅम कमी असेल तर एक्सएफसीई बघा. दिसायला साधं, पण कमी मेमरीत निभावून नेतं. मात्र ब्राउझरचे वीस टॅब उघडलेत, तर कुठलाच डेस्कटॉप तुम्हाला वाचवणार नाही.

मग निवडायचं कसं?

लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवर लिनक्स घ्या, त्यातला डेटा आधी दुसरीकडे ठेवा आणि लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करा. हार्डडिस्कला हात न लावता ते चालतं. मग तीन कामं करून बघा. एक, पीडीएफ आणि नोट्स शेजारी-शेजारी ठेवून पानभर टाइप करा. दोन, मराठी कीबोर्ड जोडून मराठी-इंग्रजी अशी उडी मारत एक परिच्छेद लिहा. तीन, अक्षरं मोठी करा आणि स्क्रीनपासून जरा मागे बसा.

हे करताना हात कीबोर्डवरून माउसकडे किती वेळा गेला, ते मोजा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डेस्कटॉपवर हीच कामं करा. तासाभराने मान, मनगट आणि डोळे ज्याच्याबद्दल कमी कुरकुर करतील, तो डेस्कटॉप तुमचा. वॉलपेपर काय, नंतरही बदलता येतो!