थोडक्या पैशांतले भयपट

भयपटांची गोष्ट निघाली की समोरचा माणूस हटकून विचारतो, "अहो, पण पदरचे पैसे देऊन मुद्दाम भिऊन घ्यायचे तरी कशाला?" प्रश्न वाजवी आहे. पण आपणही आठवून पाहा. मुंजाच्या पिंपळाखालून तिन्हीसांजेला जाताना आपण धूम ठोकली असेल. आणि दुसऱ्या दिवशी, लांबची का होईना पण दुसरी वाट असताना, पुन्हा त्याच वाटेने गेलो असू. भीतीची ही ओढ माणसाच्या अंगची आहे. ज्याला ती नाही त्याने हे पुढचे वाचले नाही तरी माझी तक्रार नाही.

मला येथे सर्वच भयपटांविषयी सांगावयाचे नाही. मोठ्या चित्रसंस्थांचे भांडवल नाही, नामांकित नटनटी नाहीत, चार मित्रांनी पदरमोड करून, कुणाचे तरी घर किंवा रान मागून घेऊन जे चित्रपट काढले, त्या 'स्वतंत्र' म्हणविणाऱ्या भयपटांविषयी सांगावयाचे आहे. माझे मत असे की, गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत भयपटाच्या कलेत जे जे नवे आले त्यातले पुष्कळसे या गरीब घरातूनच आले. आणि त्याचे कारण गरिबीत आहे.

उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरी जॉर्ज रोमेरो आणि त्याचे मित्र जाहिरातींची छोटी चित्रे काढून पोट भरीत. दहा जणांनी प्रत्येकी सहाशे डॉलर काढून एक मंडळी स्थापन केली, पुढे आणखी पैसे जमवले आणि सुमारे एक लाख चौदा हजार डॉलरांत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा चित्रपट पुरा केला. तो १९६८ साली प्रदर्शित झाला. एव्हाना रंगीत चित्रपट सर्वत्र रूढ झाले होते. यांनी काळ्यापांढऱ्यावर भागवले. पाडण्यासाठी ठरलेले एक शेतघर त्यांना मिळाले. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला, कारण काळ्यापांढऱ्या चित्रात तो रक्तासारखाच दिसतो. मेलेली माणसे उठून चालू लागली आहेत, घरात सात माणसे कोंडली गेली आहेत आणि ती आपसांत भांडत आहेत, एवढीच कथा. घरातला रेडिओ आणि दूरचित्रवाणी बाहेरच्या बातम्या सांगत राहतात, आणि त्या बातम्यांचा तो कोरडा, सरकारी सूर ऐकून अंगावर काटा येतो तेवढा मढी पाहून येत नाही. बाहेरचे सगळे जग दाखवायला पैसे नव्हते, म्हणून ते बातम्यांतून ऐकवले. आणि ऐकलेले जग पाहिलेल्यापेक्षा मोठे ठरले.

या चित्रपटाचा नायक ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णी नट होता. रोमेरोचे म्हणणे असे की, चाचणीत तो सर्वांत सरस ठरला म्हणून त्याला घेतले. ते काही असो. रात्रभर मढ्यांशी झुंजून जिवंत राहिलेल्या या माणसाला सकाळी मदतीला आलेली बंदूकधारी गोरी टोळी मढे समजून गोळी घालते, आणि ज्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच वर्षी हे अमेरिकन प्रेक्षकाने पाहिले. त्याला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसेल. मोठ्या संस्थेने हा शेवट बदलून घेतला असता असे मला नेहमी वाटते.

आता या मंडळींच्या पदरात काय पडले तेही ऐका. वितरकाने ऐन वेळी चित्रपटाचे नाव बदलले, आणि नव्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे ती ओळ नसली की हक्क बुडालाच. चित्रपट जन्मतःच सार्वजनिक झाला. जो तो प्रती काढून विकू लागला. १९९९ साली तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदणीत गेला. मान मिळाला, पैसा मात्र गेला तो गेलाच.

दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, जॉन कार्पेंटरने 'हॅलोवीन' काढला, तीन लाख डॉलरांच्या आसपास खर्च करून. खुन्याचा मुखवटा दोन डॉलरांच्या आत बाजारातून विकत आणलेला, वरून पांढरा रंग दिलेला. कथा पानगळीच्या दिवसांतली आणि चित्रीकरण कॅलिफोर्नियाच्या वसंतात. तेव्हा पाने रंगवून रस्त्यावर पसरायची आणि चित्रण झाले की पुन्हा गोळा करून पोत्यात भरायची! संगीत दिग्दर्शकाने स्वतःच तीन दिवसांत केले. पण या चित्रपटात पाहण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. मुखवटेवाला पुष्कळदा नुसता उभा असतो, चौकटीच्या एका कडेला, कुंपणापाशी, भर दुपारी. कॅमेरा त्याच्याकडे बोट दाखवीत नाही. आपणच त्याला शोधतो. आणि एकदा शोधायची सवय लागली की ज्या चौकटीत तो नाही तिथेही आपण त्याला पाहू लागतो. रिकाम्या जागेला एक पैसाही लागत नाही.

हीच युक्ती ओरेन पेली याने टोकाला नेली. सॅन डिएगोच्या आपल्या राहत्या घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरांत, त्याने 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' चित्रित केला. २००७ मध्ये तो प्रथम दाखवला गेला आणि २००९ मध्ये सर्वत्र लागला. निजायच्या खोलीत तिकाटण्यावर कॅमेरा ठेवलेला, पलंगावर एक जोडपे झोपलेले, कोपऱ्यात घड्याळाचे आकडे पळताहेत. आकडे पळायचे थांबले की समजावे, आता काही होणार. मग दार चार बोटे हलते. बस्स! चार बोटे. एकाएकी ढॅण्ण करून वाजणाऱ्या आवाजाने दचकविणे हा भीतीचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे, आणि गमत अशी की तो मोठ्या खर्चाच्या चित्रपटांतच अधिक आढळतो. पाठीमागून येऊन 'भो' करणाऱ्या पोराचे त्यात कौतुक ते काय?

कॅनडातल्या काइल एडवर्ड बॉल याने २०२२ च्या 'स्किनामारिंक'मध्ये तर माणसांचे चेहरेसुद्धा जवळजवळ काढून टाकले. एडमंटनमधल्या आपल्या बालपणीच्या घरात त्याने हा चित्रपट काढला, खर्च पंधरा हजार कॅनेडियन डॉलर. दोन लहान मुले रात्री जागी होतात तो बाप नाही, आणि घराची दारे-खिडक्या नाहीशा होताहेत. आपल्याला दिसते काय, तर छताचा कोपरा, भिंतीची कड, अंधारात लुकलुकणारी दूरचित्रवाणी आणि जमिनीवरची खेळणी. पाच वर्षांच्या मुलाला अंधारात घर जसे दिसते तसे. शंभर मिनिटे हा प्रकार ताणला आहे, आणि माझ्या मते तो साठ मिनिटांत आटोपता तर अधिक बरे झाले असते. पुष्कळांना यात काहीच घडत नाही असे वाटले, आणि त्यांना दोष देववत नाही. पण त्यातली काही दृश्ये रात्री दिवा मालवताना आठवतात खरी.

इथवर मी गरिबीचे गुण गाइले. आता दुसरी बाजू. पैसा नसला की स्वस्तात स्वस्त मिळणारी सामग्री म्हणजे माणूस, आणि या चित्रपटांनी माणसे पुष्कळदा निष्ठुरपणे वापरली आहेत.

टोब हूपरचा १९७४ चा 'द टेक्सास चेनसॉ मॅसेकर' घ्या. टेक्सासच्या उन्हाळ्यात, खऱ्या हाडांच्या आणि कुजक्या मांसाच्या दुर्गंधीत, जेवणाचे ते प्रसिद्ध दृश्य चोवीस तासांहून अधिक काळ सलग चित्रित केले गेले. नायिका मॅरिलिन बर्न्स हिचे बोट कापायचे ते नकली रक्ताची नळी चालेना, म्हणून खुन्याचे काम करणाऱ्या नटाने वैतागून खरेच कापले. तिची किंकाळी ऐकताना आपण अभिनय ऐकतो की दुसरेच काही, याचे उत्तर मला नीट देता येत नाही. चित्रपट श्रेष्ठ आहे. तरी ते बोट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्याहून गुंतागुंतीचा मामला १९९९ च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'चा. डॅनियल मायरिक व एदुआर्दो सांचेझ या दोघा दिग्दर्शकांनी हेदर डोनाह्यू, मायकेल विल्यम्स आणि जोशुआ लेनर्ड या तीन नवख्या नटांना १९९७ च्या ऑक्टोबरात मेरिलँडच्या रानात आठ दिवस सोडले. कॅमेरे त्यांच्याच हाती. संवाद लिहिलेले नव्हते. ठरल्या जागी डब्यांत चिठ्ठ्या ठेवलेल्या असत, त्यात ज्याला त्याला त्या दिवसापुरती सूचना. रात्री दिग्दर्शकमंडळी येऊन तंबू हलवीत, आवाज करीत. शिधा दिवसेंदिवस कमी करीत नेला. तेव्हा पडद्यावरची चिडचिड, थकवा, रड हे सर्व बऱ्याच अंशी खरे आहे. चेटकीण अखेरपर्यंत दिसत नाही. काटक्यांच्या बाहुल्या दिसतात, दगडांच्या राशी दिसतात, आणि शेवटी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा असलेला एक माणूस. तो शेवट मी चारदा पाहिला आहे आणि चारही वेळा तळहातांना घाम आला आहे.

नट आपल्या खऱ्या नावांनीच पडद्यावर आले होते. जाहिरात अशी केली की ही तीन मुले खरोखरच बेपत्ता आहेत. इंटरनेट तेव्हा नवे होते, लोकांचा विश्वास बसला. हेदरच्या आईला दुखवट्याची पत्रे आली म्हणतात. जिवंत असून मेल्याचे सोंग करायचे म्हणजे नटाने आपल्या यशाच्या दिवसांत तोंड लपवून बसायचे! चित्रपटाने जगभर चोवीस कोटींहून अधिक डॉलर मिळवले. या तिघांना त्यातले फार थोडे मिळाले. पंचवीस वर्षांनी, २०२४ च्या एप्रिलमध्ये, त्यांनी जाहीर पत्र काढून हक्काच्या मोबदल्याची मागणी केली. ज्याने कॅमेरा धरला, संवाद जागच्या जागी रचले, उपाशीपोटी थंडीत रडून दाखवले, त्याला 'नट' एवढेच म्हणून मोकळे व्हायचे हा कुठला हिशेब? माझ्या दृष्टीने ते तिघे या चित्रपटाचे सहलेखक आहेत.

आणि असे केल्यावाचून भीती साधत नाही असेही नाही. जेनिफर केंट या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेच्या २०१४ च्या 'द बाबाडूक'मध्ये एक विधवा आई आणि तिचा सहा वर्षांचा हट्टी मुलगा आहे. आई मुलावर इतके भयंकर ओरडते की ऐकवत नाही. पण ते शब्द त्या बालनटाच्या कानी पडू दिले नाहीत. त्या वेळी मुलाच्या जागी मोठा माणूस गुडघ्यांवर उभा केला आणि आईचे काम करणारी एसी डेव्हिस त्याच्यावर ओरडली. पडद्यावर काडीचा फरक दिसत नाही.

या चित्रपटापासून समीक्षकांत एक नवी टूम निघाली आहे. भूत म्हणजे दुःख, राक्षस म्हणजे अपराधाची जाणीव, असा उलगडा केला म्हणजे भयपट 'उच्च दर्जाचा' झाला! मला हे पटत नाही. बाबाडूक हा दुःखाचे रूप आहे हे मान्य. पण तो पलंगाखाली खराखुरा आहे म्हणून आपण भितो. रॉबर्ट एगर्सचा २०१५ चा 'द विच' पाहा. १६३० च्या सुमाराचे न्यू इंग्लंड, रानाच्या कडेला टाकलेले एक कर्मठ कुटुंब, भाषा त्या काळची, उजेड दिवसाचा नाही तर मेणबत्तीचा. तिथे चेटकीण आहे की नाही हा वादच दिग्दर्शकाने ठेवला नाही. पहिल्या काही मिनिटांतच ती दाखवून टाकली. त्या माणसांचा तिच्यावर जेवढा विश्वास तेवढाच चित्रपटाचा. म्हणून त्यातला काळा बोकड नुसता उभा राहिला तरी जीव घाबरतो.

आपल्याकडेही हे बीज रुजले आहे. विशाल फुरिया यांचा २०१७ चा मराठी 'लपाछपी' चारी बाजूंनी उसाने वेढलेल्या घरात घडतो. भुतासाठी पडका वाडा आणि अमावास्या लागते ही समजूत त्याने मोडली. दिवसाउजेडी, डोक्याएवढ्या उसात वाट चुकलेली गरोदर बाई आणि पानांची सळसळ. स्त्रीभ्रूणहत्येचा विषय त्यात आहे. शेवटाकडे तो जरा व्याख्यानाच्या अंगाने जातो, तेवढे सोडले तर मराठीत असा भयपट विरळा. पुढे त्याचाच हिंदी अवतार 'छोरी' २०२१ मध्ये आला. राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा 'तुंबाड' हिंदी असला तरी त्याचे मूळ नारायण धारपांच्या कथेपर्यंत जाते, आणि त्यातला पाऊस कोकणाचाच आहे. तो पुरा व्हायला वर्षांमागून वर्षे गेली. पहिल्यांदा लागला तेव्हा फार गर्दी खेचली नाही, पण २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्याहून अधिक चालला.

हे चित्रपट प्रथमच पाहणार असाल तर दोन सूचना. दिवे मालवा, आणि आवाज नीट ऐकू येईल अशी व्यवस्था करा. थोडक्या पैशांतल्या भयपटात निम्मे काम कानाचे असते. आणि मढ्यांना कंटाळला असाल तर शिनिचिरो उएदा यांचा 'वन कट ऑफ द डेड' हा २०१७ चा जपानी चित्रपट मिळवा. अभिनयवर्गातल्या अनोळखी नटांना घेऊन केवळ तीस लाख येनांत काढलेला हा चित्रपट सदतीस मिनिटांच्या एका अखंड दृश्याने सुरू होतो. ते दृश्य गबाळे आहे. नट मध्येच अडखळतात, भलतीकडेच बघतात. बरोबरचे लोक उठू म्हणतील. त्यांना हाताला धरून बसवा. अडतिसाव्या मिनिटापासून काय होते ते मी सांगणार नाही.