तापलेल्या प्रोसेसरची वजाबाकी

विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि जळगाव-धुळ्यातही अनेकांनी विंडोज ११ टाकून घेतली. कुणाला त्याच आठवड्यात प्रोसेसर तापल्याचा इशारा दिसतो, कुणाला थेट वैशाखात. दोघांची तक्रार एकच: ‘भाऊ, नवी विंडोज टाकली अन् मशीन तापायला लागलं.’ पहिल्याचे बरोबर असू शकते. दुसऱ्याचे बहुधा नसते. खरे काय ते एका वजाबाकीने कळते.

प्रोसेसर जितकी वीज घेतो, तितकी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ती थर्मल पेस्टच्या पातळ थरातून धातूच्या हीटसिंकमध्ये जाते आणि तिथून पंख्याच्या हवेबरोबर निघून जाते. पंखा हवा थंड करत नाही, खोलीतलीच हवा पट्ट्यांमधून फिरवतो. त्यामुळे प्रोसेसर नेहमी खोलीपेक्षा काही अंश वरच राहतो. काम तेच आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर हा फरक बारा महिने साधारण तेवढाच असतो. समजा जड काम चालू असताना तो ५० अंश आहे. जानेवारीच्या पहाटे खोली २० वर, तर प्रोसेसर ७० वर. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, पत्र्याच्या दुकानात दुपारी ४२ सहज होतात. तोच प्रोसेसर आता ९२ वर. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० च्या आसपास असते. तिथे पोचल्यावर प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो, तरीही भागले नाही तर मशीन बंद पडते. बंगळुरात बिनतक्रार चालणारे मशीन इथे इशारा देते ते यामुळे.

म्हणून तीन आकडे कागदावर घ्या. मशीन चालू करून, काही न उघडता दहा-पंधरा मिनिटे थांबा. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचे तापमान बघा, टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या वापराची टक्केवारी बघा आणि साध्या तापमापकावर खोलीचे तापमान. पहिल्यातून तिसरा वजा करा.

काहीच उघडलेले नसताना वापर ४०-५० टक्के दिसला, तर संशय नव्या विंडोजवर घ्यायला हरकत नाही. मोठ्या अपग्रेडनंतर ती फायलींची सूची नव्याने बनवते, अपडेट उतरवते, अँटिव्हायरस सगळी डिस्क तपासतो. हे एक-दोन दिवस चालणारच. मशीन रात्रभर चालू ठेवा. तिसऱ्या दिवशीही तसेच असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, सर्वांत जास्त खाणारा प्रोग्राम वर येईल. पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर गेला आहे का, तेही पाहा. चिपसेटचे ड्रायव्हर आणि बायोस उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून, आपल्या मॉडेलचे घ्या. बायोस अपडेट होत असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा यूपीएसशिवाय त्याला हात लावू नका.

वापर चार-पाच टक्केच, तरीही फरक ४० च्या वर, तर उष्णता बाहेर पडत नाही. आपल्याकडे हे प्रकरण फार होते, कारण इथे धुळीबरोबर कापूसही आहे. जिनिंगच्या हंगामात रुईचे बारीक तंतू हवेत असतात. ते पंख्यातून खाली ओढले जातात आणि हीटसिंकच्या पट्ट्यांवर अक्षरशः गादी तयार होते. वरून ब्लोअर मारला की पाती चकचकीत दिसतात, गादी मात्र जागेवरच असते. पंखा सोडवून बघितल्याशिवाय ती दिसत नाही. आधी वायर काढा. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. मशीन सात-आठ वर्षांचे असेल तर पेस्ट वाळलेली असू शकते. जुनी पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावा, जास्त नको. इंटेलच्या डब्यातल्या कूलरचे चारही पाय ‘टक्’ आवाज होऊन बसले पाहिजेत. एक पाय जरी उचललेला राहिला, तरी हीटसिंक तिरका टेकतो आणि इशारा परत येतो.

आणि फरक हिवाळ्याइतकाच निघाला, तर विंडोज निर्दोष आहे, तापली आहे ती खोली. टेबलाच्या बंद कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढा, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवा. लॅपटॉप गोधडीवर ठेवू नका, तिच्यामुळे खालच्या जाळ्या बुजतात. पाण्याच्या कूलरने खोली खरोखर थंड होते, पण त्याच्या थेट झोतात मशीन नको. बारीक तुषार आत जातात आणि पाण्यातले क्षार बोर्डवर साचतात. दुपारपुरता आणखी एक उपाय आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ करा. बहुतेक प्रोसेसरचा टर्बो वेग त्याने बंद होतो आणि तापमान उतरते. बिले आणि हिशेब करताना फरक जाणवत नाही, व्हिडिओचे काम करणाऱ्याला मात्र जाणवेल.

जुना प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही म्हणून कुणी लिनक्सकडे गेले असेल, तर त्यांना नोंदींमध्ये तापमानाची मर्यादा ओलांडून वेग घटवल्याचा संदेश दिसू शकतो. लिनक्स तिथे फक्त नोंद करते, तापण्याचे कारण वरच्या तीन प्रकारांतच शोधावे लागते.

हे तीन आकडे थंडीच्या दिवसांतच घ्या, तारीख घाला आणि कागद कॅबिनेटवर चिकटवा. मे महिन्यात दुरुस्ती करणारा आला, की आधी तो कागद त्याच्या हातात द्या.