कपाटातला विमानतळ

आमच्या घरात १३७ विमाने आहेत आणि त्यातले एकही उडत नाही. दिवाणखान्यातल्या ज्या काचेच्या कपाटात इतरांकडे काचसामान, मुलांची बक्षिसे किंवा कधीच न उघडलेले ज्ञानकोश असतात, तिथे आमच्याकडे विमाने उभी आहेत. सगळ्यांच्या शेपट्या एका रेषेत. दर पंधरा दिवसांनी मी ती रंगाच्या मऊ कुंचल्याने पुसतो. ‘‘अहो, एवढ्या मायेने कधी घरातला पंखा पुसला असतात तर!’’ असे आमच्या सौ. म्हणतात आणि त्यात खोटे काही नाही.

येणारा पाहुणा आधी हसतो. मग विचारतो, ‘‘नातवाची का?’’ नातवाची नाहीत, माझी आहेत, असे सांगितल्यावर तो चहाच्या कपाकडे पाहू लागतो. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या, चार कादंबऱ्या लिहिलेल्या आणि साठी ओलांडलेल्या गृहस्थाने खेळणी जमवावीत, हे आपल्याकडे अजून पचनी पडलेले नाही. तिकिटे जमवा, नाणी जमवा, गणपती जमवा. लोक कौतुक करतात. विमाने म्हटली की माणसाचे काहीतरी बिघडले आहे असे त्यांना वाटते.

ही विमाने प्लास्टिकची नाहीत, धातूची आहेत. जस्तात थोडे अ‍ॅल्युमिनियम, तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून केलेला मिश्रधातू वितळवतात, तो पोलादी साच्यात मोठ्या दाबाने भरतात आणि क्षणात थंड करून बाहेर काढतात. यालाच डाय-कास्ट म्हणायचे. मग रंग. त्यावरची बारीक अक्षरे हाताने काढलेली नसतात. कोरलेल्या पत्र्यावरची शाई मऊ रबरी गोळ्यावर उचलून तिचा ठसा विमानाच्या गोल अंगावर उमटवतात. पोलादी साचा फार महाग, म्हणून एकदा केलेला साचा जन्मभर वापरायचा आणि त्यातून निघालेल्या विमानाला कधी या कंपनीचे, कधी त्या कंपनीचे कपडे चढवायचे. माझ्याकडची अकरा विमाने एकाच साच्यातून निघालेली सख्खी भावंडे आहेत. पोशाख मात्र अकरा देशांचे.

बहुतेक संग्राहक १:४०० हे प्रमाण धरतात. म्हणजे खऱ्या विमानाचे ४०० सेंटिमीटर ते मॉडेलचा एक. बोइंग ७४७ जंबो जेट सत्तर मीटरहून थोडे लांब, म्हणजे ते माझ्या कपाटात साडेसतरा सेंटिमीटर जागा घेते. याच हिशेबाने त्यातला प्रवासी चार मिलिमीटरचा, तांदळाच्या कणीएवढा. १:५०० मध्ये विमान तळहातावर मावते. १:२०० घेतले तर ते फूटभराहून मोठे होते आणि मग घरात एक तर विमाने राहतात किंवा माणसे.

माझ्या संग्रहाचा मूळपुरुष यातल्या कुठल्याच प्रमाणात बसत नाही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची ‘डिंकी टॉईज’ एके काळी जगभर प्रसिद्ध होती. गाड्या तर होत्याच, पण कॉमेट, व्हायकाउंट, कॅराव्हेल अशी त्या काळची प्रवासी विमानेही होती. ती इथल्या मध्यमवर्गीय घराला परवडणारी नव्हती. पण साठच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याच्या एका कंपनीने घेतले आणि त्यातून ‘निकी टॉईज’ निघू लागली. मूळ नाव साच्यावरून घालवून तिथे नवे घातलेले. आमच्या वडिलांनी मला असेच एक निकीचे विमान आणून दिले होते. वडील पोस्टात कारकून. त्याची किंमत त्यांनी आईलाही सांगितली नाही, यावरून ती त्यांच्या मानाने बरीच असावी.

आम्ही तेव्हा खारला राहत होतो. महिन्यातून एखाद्या रविवारी वडील मला बसने सांताक्रूझच्या विमानतळावर नेत. आत जाण्यासाठी नव्हे, विमाने बघण्यासाठी. एअर इंडियाची ७०७ जेट विमाने १९६० पासून आलेली होती आणि त्यांना हिमालयातल्या शिखरांची नावे होती. नंदादेवी, अन्नपूर्णा. भूगोलातली ही शिखरे मला आधी विमानतळावर भेटली. १९७१ साली पहिले जंबो आले, त्याचे नाव ‘एम्परर अशोक’. खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांसारख्या लाल महिरपी रंगवलेल्या. ते जमिनीवरून उठले तेव्हा वडिलांनी माझा हात एवढा घट्ट धरला, जणू मीच उडून जाणार होतो. ‘‘एवढी माणसं घेऊन कसं रे उठतं!’’ ते म्हणाले. ते स्वतः कधीच विमानात बसले नाहीत. मला बँकेच्या सवलतीत विमानाने जाता येऊ लागले तोवर ते राहिले नव्हते.

निकीचे विमान एका पंखाने मोडले, पत्र्याच्या ट्रंकेत गेले आणि मीही ते विसरलो. १९९६ मध्ये आमच्या परकीय चलन विभागातला एक सहकारी जर्मनीला जाऊन आला. त्याने येताना हेर्पा कंपनीचे लुफ्तान्साचे जंबो आणले, १:५०० मधले. आपल्या मुलासाठी आणलेले ते विमान त्याने जेवणाच्या सुट्टीत टेबलावर ठेवले आणि मी डबा उघडायचे विसरलो. त्याच संध्याकाळी घरी जाऊन ट्रंक उपसली. तिथून हे सगळे सुरू झाले.

बँकेतल्या माणसाने काही जमवले की तो त्याची नोंदवही ठेवणारच. माझीही आहे, लाल कापडी बांधणीची. अनुक्रमांक, विमानाचा प्रकार, कंपनी, प्रमाण, खरेदीची तारीख, किंमत. किंमत हल्ली चार आकडी असते आणि तो रकाना घरात कुणाला वाचू देत नाही. विमानाच्या शेपटीजवळ त्याचा नोंदणी क्रमांक असतो, आपल्याकडे ‘व्हीटी’ने सुरू होणारा. चांगल्या मॉडेलवर तो भिंगातून वाचता येतो. त्यामुळे हे कुठले तरी ७४७ नसते, ते ठरावीक एक विमान असते, जे कधीतरी खरोखर उडत होते. म्हणून मी शेवटी आणखी एक रकाना आखला होता : अखेर.

हा रकाना भरता भरता माझ्या लक्षात आले की आपण विमानतळ नव्हे, स्मशान सांभाळतो आहोत. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त : नव्वदच्या दशकात धूमधडाक्याने आलेल्या या कंपन्या ते दशकही पुरते ओलांडू शकल्या नाहीत. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. आमच्या बँकांचेही तेच. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या आणि ज्या नावाखाली माणसांनी आयुष्ये काढली, त्या पाट्या उतरल्या. बँकेच्या पाटीचे कुणी मॉडेल काढत नाही. विमानांचे निदान एवढे तरी होते. एअर इंडियाचे ‘आग्रा’ नावाचे जंबो २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून उडाले ते परत न येण्यासाठीच; अमेरिकेत त्याचे सुटे भाग करायचे होते. त्या रात्री मी त्याच्यापुढे ‘भंगार’ असे लिहिले आणि वही मिटली.

आता ज्या विमानाविषयी लिहायला बसलो आहे ते.

१ जानेवारी १९७८. मी कॉलेजात होतो. रात्री आठनंतर दुबईला जायला निघालेले ‘एम्परर अशोक’ उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या समोर समुद्रात कोसळले. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी. कुणीही वाचले नाही. विमान किती कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे यंत्र चुकीचे दाखवू लागले होते, आणि बाहेर काळोखा समुद्र, क्षितिज दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी वडील आणि मी किनाऱ्यावर गेलो. पुष्कळ माणसे नुसती उभी होती. वडील काही बोलले नाहीत. त्यानंतर आम्ही विमाने बघायला कधी गेलो नाही.

काही वर्षांपूर्वी मी एअर इंडियाचे एक जंबो घेतले आणि एका हौशी माणसाकडून त्यावरची अक्षरे बदलून घेतली : नाव ‘एम्परर अशोक’, क्रमांक ‘व्हीटी-ईबीडी’. का घेतली हे मला नीट सांगता येणार नाही. संग्रह त्याच्यावाचून खोटा वाटत होता आणि आल्यावर ते समोर ठेवायचा धीर होईना. खालच्या फळीवर, दोन मोठ्या विमानांच्या मागे ते ठेवले. पाहुण्यांना दाखवले नाही. अखेरच्या रकान्यात लिहिले, ‘अपघात, १-१-७८’.

गेल्या दिवाळीत आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ मुलाकडे राहायला आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, पण जिना चढतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. सांताक्रूझच्या हँगरमध्ये आयुष्य गेलेले, तंत्रज्ञ म्हणून. कुणीतरी त्यांना माझ्या कपाटाबद्दल सांगितले आणि एका सकाळी ते पंचा खांद्यावर टाकून दारात उभे राहिले.

नानांनी कपाटासमोर खुर्ची ओढली. ते हसले नाहीत आणि नातवाचेही विचारले नाही. एक-एक विमान उचलून त्यांनी पोटाकडून पाहिले. आम्ही हौशी लोक विमान बाजूने बघतो. त्यांनी जन्मभर ते खालून पाहिले होते. ‘‘याचं चाकांचं दार चुकलंय,’’ म्हणाले. दुसरे उचलले : ‘‘हे बरोबर.’’ मग वाकून खालच्या फळीवर हात घातला आणि मागचे विमान बाहेर काढले. चष्मा कपाळावर चढवून क्रमांक वाचला.

बराच वेळ ते नखाने चाके मोजत होते. जंबोला अठरा चाके असतात. ‘‘हिची चाकं बदललीत मी,’’ ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, ‘‘त्या दिवशी माझी रजा होती.’’ मी तसे काही विचारले नव्हते.

चहा आला. त्यांनी विचारले, ‘‘मागे का लपवलंत?’’

‘‘लपवलं नाही नाना. पण दाखवायचं तरी कसं? एवढी माणसं गेली.’’

‘‘गेली. त्यातली काही मी ओळखत होतो. पण त्याआधी जवळजवळ सात वर्षं ती उडाली ना? किती माणसं नेली, किती आणली. कुणी शिकायला गेलं, कुणी आईला शेवटचं बघायला आलं. आम्ही रात्र-रात्र जागून तिला सकाळच्या उड्डाणाला उभी करायचो. ते काहीच नाही? तुम्ही बँकवाले नुसती शेवटची शिल्लक बघता. मधले व्यवहार कोण बघणार?’’

मी नोंदवही आणून दाखवली. कदाचित स्वतःचा बचाव म्हणूनच. त्यांनी ‘अखेर’चा रकाना वरून खाली वाचला. भंगार, भंगार, अपघात, कंपनी बंद, भंगार. वही मिटून परत दिली आणि म्हणाले, ‘‘असं लिहायचं तर माणसांचीही वही अशीच होईल. सगळ्यांपुढे एकच शब्द.’’

ते गेल्यावर मला वडील आठवले. त्यांची आठवण निघाली की मी इतकी वर्षे एकच गोष्ट सांगत आलो : बिचारे कधी विमानात बसले नाहीत. ते वाक्य मी एका कादंबरीतही वापरले आहे. रविवारची बस, खारेदाण्याची पुडी, माझ्या मनगटाभोवती आवळलेली त्यांची बोटे आणि ‘‘कसं रे उठतं!’’ हे त्यांचे लहान मुलासारखे आश्चर्य, यातले काहीच त्या वाक्यात आलेले नव्हते. ते विमानात बसले नाहीत एवढीच मी त्यांची शेवटची शिल्लक काढली होती आणि ती शून्य दाखवत होती.

त्या रात्री मी वहीत पट्टीने आणखी एक रकाना आखला. जागा कमी होती, किमतीचा रकाना अरुंद करावा लागला, त्याचे सौ.ना बरे वाटले. ‘अखेर’ खोडले नाही. झाले ते झाले आणि २१३ माणसांचे ते मरण होते, ते वहीतून पुसायचा अधिकार मला नाही. नव्या रकान्याला नाव दिले, प्रवास. अशोकच्या ओळीत लिहिले : ‘१९७१ ते १९७८. वरच्या मजल्यावरच्या नानांनी चाके बदलली.’ आता नाना रविवारी खाली येतात आणि ज्या-ज्या विमानाचे त्यांना काही आठवते ते मी लिहून घेतो. सतरा ओळी भरल्या आहेत. ते विमानही मी पुढे आणून ठेवले आहे, वरून दुसऱ्या फळीवर, नानांच्या खुर्चीतून दिसेल असे. पाहुण्यांनी विचारले की सांगतो. आधी उडाल्याचे, मग पडल्याचे.

वहीतला अनुक्रमांक एक म्हणजे निकीचे ते मोडक्या पंखाचे विमान. त्याच्या किमतीचा रकाना कोराच आहे, कारण वडिलांनी ती सांगितली नाही. प्रवासाच्या रकान्यात मात्र परवा लिहिले : खार ते सांताक्रूझ आणि परत, बसने, रविवारी.