'हात लावू नको!' म्हणणारी प्रयोगशाळा

गेल्या हिवाळ्यात संगमनेर तालुक्यातल्या एका शाळेत जाण्याचा योग आला. शाळेचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण अशी शाळा एकच नाही. मुख्याध्यापकांनी मोठ्या कौतुकाने रोबोटिक्सची खोली उघडून दाखवली. 'उघडून' हा शब्द वाचकांनी नीट वाचावा. शिपायाला हाक मारून किल्ली मागवावी लागली, आणि कुलूप बरेच दिवस उघडलेले नसावे, कारण किल्ली दोनदा अडली. आत काचेचे कपाट, त्यात सेन्सरचे डबे, प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेला थ्रीडी प्रिंटर आणि टेबलावर दोन चाकांचा एक छोटा यंत्रमानव. विज्ञानाच्या सरांनी बटण दाबले. यंत्रमानव पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी गरगर फिरू लागला. सरांनी बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच.

दारात मुलांची गर्दी झाली होती. त्यातली नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, एका चाकाच्या वायरी उलट्या लागल्यात." असे म्हणत तिने हात पुढे केला. सर एकदम ओरडले, "हात लावू नको!"

मुलीचे म्हणणे अगदी बरोबर होते. दोन मोटरींपैकी एकीच्या दोन तारांची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते, आणि एक चाक पुढे व दुसरे मागे गेले की गाडी जागेवर घिरट्या घालते. तारा सोडून उलट जोडल्या की काम झाले. दोन मिनिटांची गोष्ट. पण ती दोन मिनिटे त्या मुलीला मिळाली नाहीत. नंतर कळले की तिची आई आणि आजी दोघीही विड्या वळतात.

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी ते जातीवरून म्हटले असा आरोप मी करणार नाही. वस्तू महागाची, डेडस्टॉक रजिस्टरवर त्यांची सही, तपासणीच्या वेळी एखादा सेन्सर कमी भरला तर खुलासा त्यांनाच द्यायचा. तरीही 'हात लावू नको' हे तीन शब्द आपल्या समाजाने किती शतके ऐकले आहेत, हे या वृत्तपत्राच्या वाचकांना सांगायला नको. गणित सोडवायला बाल भीमराव फळ्याकडे निघाले तेव्हा वर्गातल्या मुलांनी फळ्यामागचे आपापले डबे हलवले, हा प्रसंग आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. आज फळा सर्वांना खुला आहे. पण कपाटाचे काय?

केंद्र सरकारने २०१६ मध्ये नीती आयोगामार्फत अटल टिंकरिंग लॅबची योजना आणली. सहावी ते बारावीच्या मुलांनी स्वतः हाताने यंत्रे जोडावीत, मोडावीत, पुन्हा जोडावीत, यासाठी निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. योजनेचा हेतू चांगला आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. देशभरात अशा दहा हजार प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पुढील पाच वर्षांत आणखी पन्नास हजार उभारण्याची घोषणा झाली. पण सुरुवातीच्या नियमावलीत सपाट प्रदेशातल्या शाळेकडे दीड हजार चौरस फूट बांधीव जागा असावी अशी अट होती. शिवाय संगणक कक्ष, इंटरनेट, अखंड वीज, गणित-विज्ञानाचे शिक्षक, ग्रंथालय, मैदान हेही पाहिले जात होते. म्हणजे ज्या शाळेकडे आधीच सारे आहे तिलाच आणखी मिळणार. वस्तीवरच्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेने अर्ज तरी कशाच्या जोरावर करायचा?

परमपूज्य बाबासाहेबांना हे ऐंशी वर्षांपूर्वीच कळले होते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. त्यातला शिक्षणाचा भाग आपल्या कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावा. नुसत्या कला शाखेच्या आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण लागेल, आणि ते खर्चिक असल्याने सरकारने उचलावे, अशी त्यांची मांडणी होती. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे म्हणत होता! देशात विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्यांसाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशी शिकणाऱ्यांसाठी एक लाख अशी नेमकी मागणी त्यांनी केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या तरुणांना उमेदवारीसाठी घ्यावे, हेही त्याच निवेदनात आहे. यंत्राला हात लावू द्या, ही ती मागणी होती. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि तिच्यावर आपल्या पिढ्या शिकल्या. पण आपण शिकलो काय? बी.ए., एम.ए., बी.एड. बाबासाहेबांच्या मागणीचा पहिला अर्धा भाग आपण घेतला, दुसरा विसरलो.

इथे कोणी म्हणेल, हातांनी काम करायला आमच्या लोकांना शिकवायचे कशाला? चामडे कमावणारे, दोर वळणारे, बांबू चिरणारे, दगड घडवणारे हात आमचेच. अगदी खरे. म्हणूनच 'हाताने शिका' असे कोणी सांगू लागले की आपल्याला थोडे सावध व्हावे लागते. १९५३ मध्ये मद्रासमध्ये मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी अशीच योजना काढली होती. मुलांनी शाळेत तीन तास शिकायचे आणि उरलेला वेळ आईबापांचा धंदा शिकायचा. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा, चांभाराच्या मुलाने आरी. पेरियार यांनी रान उठवले, १९५४ मध्ये राजाजींना जावे लागले आणि कामराज यांनी ती योजना रद्द केली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेवरही हाच आक्षेप घेतला गेला आणि तामिळनाडू सरकारने २०२४ मध्ये ती आहे त्या स्वरूपात राबवण्यास नकार दिला. हातात हत्यार देण्याला कोणाची हरकत नाही. ते जातीकडे बघून द्यायचे की पोराच्या ओढीकडे बघून, एवढाच वाद आहे.

दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. अजंता सुब्रमण्यन यांनी आयआयटीवर लिहिलेल्या 'द कास्ट ऑफ मेरिट' या २०१९ च्या ग्रंथात दाखवले आहे की, इंग्रजी अमलात अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाल्यावर कारागिरांच्या हातातली विद्या हळूहळू कागदावरच्या विद्येच्या खाली ढकलली गेली, आणि कागदावरची विद्या उच्चवर्णीयांकडे गेली. लोहार यंत्र जाणत होता, पण इंजिनिअर झाला तो ज्याच्या घराण्यात कोणी ऐरणीला हात लावला नव्हता. आता तेच लोक शहरातल्या महागड्या शाळांत आपल्या मुलांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देत आहेत आणि त्याला एकविसाव्या शतकाचे कौशल्य म्हणत आहेत. आमच्या हातात होते तेव्हा ते हलके काम होते!

'रोबोट' या शब्दाचीही गंमत पहा. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० मध्ये तो वापरात आणला, आणि त्याच्या भाषेत ज्या शब्दावरून तो आला त्याचा अर्थ आहे वेठ. जमीनदारासाठी कुळाने फुकट राबायचे ती वेठ. ज्या समाजाच्या महारवतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले, त्या समाजाला वेठीचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागत नाही. वेठ यंत्राने करावी आणि माणूस मोकळा व्हावा, हे स्वप्न सर्वांत आधी आपण पाहायला हवे होते. गटारात गुदमरून मरणारे सफाई कामगार कोणत्या वस्तीतले असतात? हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. न्यायालय भरपाई वाढवते, मृत्यू थांबवू शकत नाही. केरळातल्या अभियांत्रिकी शिकलेल्या काही तरुणांनी मात्र मॅनहोलमध्ये उतरणारा 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव बनवला आणि २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. माणसाऐवजी यंत्र खाली उतरते, कामगार वर उभा राहून ते चालवतो. असे यंत्र आपल्या एखाद्या वस्तीतून का निघाले नाही, हा प्रश्न मला झोपू देत नाही. ज्याच्या घरातला माणूस गटारात गेला, त्याच्या मुलाला त्या यंत्रात काय हवे हे कोणत्याही प्राध्यापकापेक्षा जास्त कळेल.

महाराष्ट्रात हे घडू शकते याचा पुरावा फार लांब नाही. संगमनेरहून पुण्याकडे जाताना राजगुरुनगरला आत वळले की पाबळ लागते. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतून डॉक्टरेट घेतलेला, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेला हा माणूस दुष्काळी गावात गेला आणि शाळा सोडलेल्या पोरांना घेऊन बसला. वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, बांधकाम, रक्तगट तपासणी अशी कामे प्रत्यक्ष करता करता त्यांनी विज्ञान शिकवले. नापास म्हणून हिणवलेली पोरे काम करताना गणित करू लागली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. आधी पाबळ, मग बाकीचे जग! कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू आहे. तिथे काम आधी, पुस्तक नंतर, हा क्रम आहे. पुण्यात अरविंद गुप्ता यांनीही तेच केले. आयआयटीतून शिकलेल्या या माणसाने काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांतून भूमिती उभी केली. विज्ञानाला काचेचे कपाट लागत नाही.

आता पैशाचे बोलू, कारण आपली सबब नेहमी तीच असते. अर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड २००५ मध्ये इटलीत विद्यार्थ्यांसाठीच तयार झाला. त्याचा आराखडा खुला असल्याने कोणीही तो बनवू शकतो, म्हणून साध्या प्रतीचा बोर्ड पाच-सहाशे रुपयांत मिळतो. दोन मोटरी, चाके, मोटर ड्रायव्हर, ब्रेडबोर्ड, तारा, सेन्सर धरून दोन हजारांत चालता यंत्रमानव होतो. एका जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचे बिल काढून पहा आणि त्यात किती यंत्रमानव बसतात ते मोजा. मी मिरवणुकीच्या विरोधात नाही, पण हिशेब तर मांडाल? आणि सरकारकडे मागायचे तर नेमके मागा. समाजकल्याणच्या निवासी शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, अनुसूचित जातींसाठी राखून ठेवलेला निधी आहे. त्यातून प्रत्येक निवासी शाळेत कुलूप नसलेली कार्यशाळा हवी, आणि फुटतूट झाली तर शिक्षकाच्या पगारातून वसुली होणार नाही असा लेखी आदेश हवा. हा दुसरा मुद्दा पहिल्याहून मोठा आहे. जोवर मोडण्याची परवानगी नाही, तोवर जोडणे शिकता येत नाही.

त्या शाळेतून परतल्यावर मी स्वस्थ बसू शकलो नाही. संगमनेरातल्या एका वस्तीच्या समाजमंदिरात रविवारी सकाळी वंदना झाल्यावर दोन तास मुलांना घेऊन बसायचे ठरवले. मी काही इंजिनिअर नाही. एका पुतण्याला सोबत घेतले, तो पॉलिटेक्निकला आहे. पहिल्या रविवारी सात मुले आली, त्यात ती नववीतली मुलगी आपल्या धाकट्या भावाला घेऊन आली होती. बाहेरच्या ओट्यावर दोन बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. पान कातरायचे, तंबाखू भरायची, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा, हे बघायला त्यांना खाली पाहावे लागत नाही. हजाराच्या हिशेबाने मजुरी मिळते, त्यामुळे बोटे थांबत नाहीत. डोळे मात्र आमच्याकडे होते.

भावाने घाई केली. मोटर ड्रायव्हरमधून न नेता थेट बोर्डाच्या पिनला जोडली. पिन एवढा प्रवाह पेलू शकत नाही. बोर्ड गरम झाला, वास आला, दिवा विझला. पोरगा पांढराफटक पडला आणि दाराकडे पाहू लागला. पुतण्याने बोर्ड हातात घेतला, जळलेली पिन सर्वांना दाखवली आणि ड्रायव्हर मध्ये का लागतो ते त्याच बोर्डावर समजावून सांगितले. ओट्यावरची एक बाई वळता वळता म्हणाली, "किती रुपयांचं गेलं, दादा?"

"पाचशेचं, मावशी."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शिकला ना पण?"

दुसरा बोर्ड नाशिकहून मागवला आहे. या रविवारी मुलगी जोडणार आहे, भाऊ तारा पकडणार आहे.