उत्तराला त्याचा प्रश्न कसा सापडतो?

शोधाच्या चौकटीत आपण ‘सा’ टाइप करतो आणि लगेच ‘सातारा’ पूर्ण करतो. एव्हाना ब्राउझरने सर्व्हरला दोन प्रश्न पाठवलेले असतात. ‘सा’ने सुरू होणारी गावं पुष्कळ, म्हणून त्या उत्तराला समजा 800 मिलिसेकंद लागले, ‘सातारा’चं उत्तर 200 मध्येच हजर. पडद्यावर सातारा दिसतो न दिसतो तोच सांगली, सासवड, सावंतवाडी येऊन त्याची जागा घेतात. चौकटीत ‘सातारा’ आणि खाली भलतीच यादी! सर्व्हर चुकलेला नाही, नेटवर्कही नाही. दोन्ही उत्तरं खरी आहेत, फक्त आधी विचारलेल्याचं उत्तर नंतर आलं.

जावास्क्रिप्टमध्ये हे होणारच. ब्रेंडन आइक यांनी 1995 साली नेटस्केपमध्ये अवघ्या दहा दिवसांत उभी केलेली ही भाषा पानावर एका वेळी एकच काम करते आणि उत्तराची वाट बघत खोळंबत नाही. प्रश्न पाठवला की ती पुढच्या ओळीवर जाते. उत्तर आल्यावर काय करायचं ते एका फंक्शनमध्ये लिहून ठेवलेलं असतं. हातातलं काम संपलं की रांगेतून त्याची पाळी येते. तोवर प्रश्न विचारणारं मूळ फंक्शन केव्हाच संपलेलं असतं. मग हे उत्तर कशाचं, हे लक्षात ठेवायचं कुणी?

इथे मला या भाषेतली सर्वांत सुंदर गोष्ट भेटते: क्लोजर. फंक्शन जिथे जन्मलं तिथली व्हेरिएबल्स ते बरोबर घेऊन फिरतं. भोवतालचं फंक्शन संपलं तरी ती जिवंत राहतात. त्यामुळे उत्तर हाताळणाऱ्या फंक्शनला ठाऊक असतं, की आपण ‘सा’साठी आहोत. चौकटीत आता ‘सा’ उरलेलं नाही? मग ते उत्तर टाकून द्यायचं.

पण बरोबर नेमकं काय येतं, हे बारकाईने बघण्यासारखं आहे. व्हेरिएबलची त्या क्षणाची किंमत नव्हे, खुद्द व्हेरिएबल येतं. ‘व्हार’ वापरून 0 ते 2 असा लूप चालवा आणि तीन शहरांचं हवामान विचारा. उत्तरं येतात तेव्हा तिन्ही फंक्शनना आकडा दिसतो 3, कारण तिघांत मिळून व्हेरिएबल एकच आणि लूप 3 वर जाऊन थांबलेला! 2015 मध्ये ‘लेट’ आलं आणि प्रत्येक फेरीला स्वतःचं व्हेरिएबल मिळालं. प्रॉमिस, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरून ठेवणाऱ्या वस्तू, भाषेत आले तेही त्याच वर्षी. ‘प्रॉमिस.ऑल’कडे तीन प्रॉमिस सोपवा. उत्तरं कशीही मागेपुढे येवोत, निकाल सोपवलेल्या क्रमानेच मिळतात.

वेबसॉकेटवर मात्र नुसत्या क्लोजरने भागत नाही. एकच जोडणी सतत उघडी, तिच्यावरून दोन्हीकडचे निरोप ये-जा करतात, आणि कोणता निरोप कशाचं उत्तर आहे हे तो प्रोटोकॉल सांगत नाही. धोबी कपड्यावर खूण घालतो तसा इथे प्रत्येक प्रश्नावर क्रमांक घालावा लागतो. असे प्रश्न-उत्तरांचे निरोप कसे लिहायचे ते ठरवणाऱ्या जेसन-आरपीसीचा नियमच आहे, की सर्व्हरने तोच आयडी उत्तरात जसाच्या तसा परत पाठवायचा. इकडे ब्राउझरमध्ये एका मॅपमध्ये, समजा 17 या क्रमांकासमोर, त्या प्रॉमिसचं ‘रिझॉल्व्ह’ फंक्शन ठेवलेलं असतं. 17 चं उत्तर आलं की नोंद काढायची, फंक्शनच्या हाती उत्तर द्यायचं, नोंद पुसायची. मोजक्या ओळींचं हे काम, आणि त्यावर शेकडो प्रश्न एकाच वेळी वाटेवर असू शकतात! उत्तर आलंच नाही तर नोंद मेमरीत पडून राहते, म्हणून टायमरही लावतात.

हीच युक्ती थेट इंटरनेटच्या पायाशी, डीएनएसमध्येही आहे. संकेतस्थळाचा पत्ता विचारणाऱ्या प्रत्येक प्रश्नावर 16 बिटांचा क्रमांक असतो, म्हणजे 65,536 शक्यता. 2008 मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिलं, की खोट्या उत्तरांचा मारा केला तर हा क्रमांक अंदाजाने गाठता येतो आणि बनावट पत्ता खरा म्हणून साठवला जातो. तेव्हा जगभरच्या सर्व्हरांवर तातडीने दुरुस्ती झाली: प्रश्न कोणत्या पोर्टवरून निघेल तेही दर वेळी बेभरवशाचं ठेवायचं. आता खोटं उत्तर घुसवणाऱ्याला क्रमांक आणि पोर्ट दोन्ही एकदम जुळवावे लागतात, तेही खरं उत्तर पोचण्याच्या आत.