बोट लागते सकाळी, सुटते संध्याकाळी. मधल्या वेळात कुठे जावे?

मुंबईच्या बॅलार्ड पिअरला हिवाळ्याच्या दिवसांत प्रवाशांच्या मोठाल्या बोटी लागतात. सकाळी लागलेली बोट पुष्कळदा त्याच संध्याकाळी सुटते. २० सप्टेंबर २०२५ रोजी तेथे नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही झाले. उतरलेल्या पाहुण्यापुढे प्रश्न एकच असतो : हाती एक दिवस आहे, तोही पुरा नाही, मग जायचे कुठे?

यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. क्रूझचे तिकीट काढणारे आपल्या वस्त्यांत थोडेच. पण हॉटेलचा कोर्स करून त्या बोटींवर स्वयंपाकघरात, लाँड्रीत, खोल्या आवरण्याच्या कामावर गेलेली मुले आपल्या जिल्ह्यातही आहेत. (अहिल्यानगर म्हणण्याची सवय जिभेला अजून व्हायची आहे, म्हणून पुढे नगरच म्हणतो.) मुलाची बोट मुंबईला लागली की घरचे लोक रात्रीची एसटी धरून भेटीला निघतात. शिवाय ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलेल्या कुटुंबांच्या हातीही परतीच्या गाडीपर्यंत असा एखादा दिवस उरतो, आणि तो बहुधा फूटपाथवर पिशव्या राखण्यात जातो.

मी पडलो कारकून, तेव्हा आधी हिशेब. बोट सकाळी ७ ला लागून संध्याकाळी ६ ला सुटणार असेल तर कागदावर ११ तास दिसतात. ते सगळे आपले नव्हेत. तपासणी होऊन माणूस बाहेर येईतो पावणेनऊ-नऊ वाजतात. बोट सुटण्याच्या तासभर आधी हजर व्हावे लागते. मुंबईच्या रहदारीसाठी आणखी एक तास बाजूला काढा. खर्चायला उरतात सात तास. बोटीच्या कंपनीने नेलेली सहल परतायला उशीर झाला तर बोट सहसा थांबते. आपापले गेलेल्यासाठी थांबत नाही. कंपनीची सहल महाग असूनही लोक ती का घेतात, ते यावरून कळावे.

सात तासांत बहुतेकांना घारापुरीला नेतात. गेटवेपासून लाँचने साधारण तासाभराचे पाणी, मग शंभरावर पायऱ्या. साऱ्याला पाच-साडेपाच तास पुरतात. महेशमूर्ती हे शिल्प म्हणून थोरच आहे, १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. त्याच बेटाच्या दुसऱ्या टेकडीवर विटांच्या जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत, हे मात्र वाटाडे क्वचितच सांगतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर नौदलाची स्पीडबोट प्रवाशांच्या लाँचला धडकली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. लाँचमध्ये बसताच लाइफ जॅकेट अंगात घालावे. लाज वाटण्याचे कारण नाही.

आता दुसरी जागा, जिच्याविषयी मला खरे बोलायचे आहे : बोरिवलीची कान्हेरी लेणी. चर्चगेटहून जलद लोकलने तासाभरात बोरिवली. तेथून पूर्वेला चालत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे दार. दारापासून लेणी आत सहा-सात किलोमीटर. बंदरापासून लेण्यांपर्यंत दोन तास धरा, परतीचे दोन, आणि लेण्यांत अडीच. साडेसहा तास झाले. म्हणजे सातांत बसते, पण अर्धाच तास शिलकीत राहतो. गाडी चुकली की शिल्लक संपली. ज्याला ही जोखीम नको त्याने घारापुरीला जावे. ज्याच्या हाती पुरा दिवस आहे, उदाहरणार्थ ७ डिसेंबरला रात्रीच्या गाडीने परतणारे आपले लोक, त्यांनी मात्र कान्हेरी चुकवू नये.

शंभरावर लेणी एका डोंगरात आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झाले आणि हजार वर्षे ही जागा नांदती राहिली. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह तिकीटघरापासून जवळच आहे, त्यामुळे ज्यांना चढवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांनाही ते पाहता येते. त्याच्या व्हरांड्यात दोन्ही बाजूंना सुमारे वीस-बावीस फुटी बुद्धमूर्ती उभ्या आहेत. आपण मान वर करून पाहतो आणि काही वेळ बोलणे सुचत नाही.

मूर्तींइतकेच तेथील शिलालेख मोलाचे आहेत. ते राजांचेच आहेत असे नाही. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे, कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिल्याची नोंद आहे, भिक्षुणींच्या दानांच्या नोंदी आहेत. सोपारा, कल्याण, चौल, नाशिक या गावांची नावे येतात. यांतली सोपारा, कल्याण आणि चौल ही त्या काळची बंदरे. म्हणजे बंदराला उतरलेल्या माणसाने या डोंगरापर्यंत यावे, ही रीत आजची नव्हे. नव्वदाव्या लेण्यात तर इ. स. १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. (आज कोणी खडूने जरी नाव लिहिले तरी दंड होईल, आणि व्हायलाच हवा.)

नगरच्या माणसाला यात आणखी एक धागा सापडेल. कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि तेथून पैठणला जाई. जुन्नर आणि पैठण यांच्या मध्ये कोणती भूमी आहे ते नकाशा काढून पाहा. आपली कल्याणकडे जाणारी एसटी आळेफाटा, ओतूर, माळशेज अशी उतरते, ती त्याच वाटेची धाकटी बहीण म्हणावी.

एवढे सारे खरे असूनही आमच्या घरी निवड निराळी झाली. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा अशाच एका बोटीवर लाँड्रीत आहे. गेल्या हिवाळ्यात त्याची बोट एका दिवसासाठी मुंबईला लागली. बोट बंदरात असतानाही काही कामगारांना पाळीने बोटीवर राहावेच लागते. त्याची पाळी नव्हती, तरी सकाळचे काम उरकून त्याला साडेदहा ते साडेतीन, पाचच तास सुट्टी मिळाली. आदल्या रात्री एसटीत यावरच चर्चा. पुतणीचे म्हणणे कान्हेरी. तिने वहीत लेण्यांचे क्रमांक टिपून आणले होते. आमची आई म्हणाली, "मला बाबासाहेबांपुढं त्याला घेऊन जायचंय, दुसरं काय नको." वहिनी काहीच बोलेनात. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, कुठंबी न्या. फक्त त्याला जास्त चालवू नका."

त्या वाक्याने निकाल लागला. नऊ महिन्यांच्या करारात त्या मुलाला आठवड्याची सुट्टी अशी नव्हती. पाच तासांत कान्हेरी बसत नव्हतीच. बसवली असती तर भेट लोकलच्या गर्दीत उभ्यानेच झाली असती. आम्ही दादरला गेलो. आधी राजगृह, मग चैत्यभूमी. वंदना झाल्यावर समुद्राच्या कठड्याजवळ सावलीला बसलो. वहिनींनी आणलेली बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्याने खाल्ली आणि आईच्या मांडीवर डोके ठेवून तो पाऊण तास झोपला. आजी पदराने माशा वारत होती. पुतणी आधी जराशी हिरमुसली होती, ती भावाचे बूट पाहत बसली. टाचा पार झिजल्या होत्या. पावणेतीनला आम्ही त्याला उठवले. तीन वीसला तो बंदराच्या दारातून आत गेला.

म्हणून माझे मत असे, की ठिकाणांची यादी हाती घेण्याआधी दिवस कोणासाठी आहे ते ठरवावे. पाहायला निघालेल्याने पाहावे. भेटायला आलेल्याने एकच जागा धरावी आणि ती जवळची असावी.

परदेशी बंदरांतही हीच गोष्ट. बोटीवर काम करणाऱ्या आपल्या मुलांना कोलंबो लागते. बाबासाहेब १९१७ साली युरोपातून परतताना कोलंबोला उतरूनच मुंबईस आले होते, आणि १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेस गेले होते. हे मुलांना ठाऊक असते, म्हणून त्यांची ओढ कँडीकडे, दंतधातूच्या विहाराकडे. पण कँडी कोलंबोहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता घाटाचा, एका बाजूलाच तीन ते चार तास. उलट केलनियाचा प्राचीन विहार बंदरापासून दहा किलोमीटरच्या आसपास आहे. चार-पाच तासांची सुट्टी असलेल्या मुलाने केलनियाला जावे, तेथे निवांत तासभर बसावे. कँडी पगारी रजेत, घरच्यांना घेऊन.

मुंबईला जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरीची लेणी दोन्ही सोमवारी बंद असतात. बोट सोमवारी लागत असेल तर राजगृह, चैत्यभूमी किंवा काळा घोड्याचे वस्तुसंग्रहालय धरावे. ते बॅलार्ड पिअरपासून जवळ आहे आणि मीरपूरखास व गांधारच्या बुद्धमूर्ती तेथे निवांत पाहता येतात. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, तो आदल्या दिवशी पाहून निघावे. कान्हेरीत माकडे फार, भाकरीचे गाठोडे हातात मोकळे ठेवू नये. मुलाला भेटायला जाणाऱ्यांनी त्याच्याकडून बोटीवर परतण्याची वेळ आधी लिहून घ्यावी आणि घड्याळात त्याच्या अर्धा तास आधीचा गजर लावावा. आम्ही लावला होता, तरी उठवताना हात जड झाला.